सिनेमा सोडून टीव्हीत गेलेला डिरेक्टर : रोबेर्तो रोसेलिनीच्या एका निर्णयाचं प्रकरण

१९६२ साली रोममधल्या एका पुस्तकाच्या दुकानात छप्पन वर्षांच्या एका डिरेक्टरने पत्रकारांना बोलावलं आणि सांगितलं की सिनेमा संपलाय, मी आता टीव्हीसाठी काम करणार. तो साधासुधा माणूस असता तर कुणी बातमीसुद्धा लावली नसती, पण तो रोबेर्तो रोसेलिनी होता, ज्याच्या तीन सिनेमांमुळे युद्धानंतरच्या इटालियन सिनेमाचं नाव जगभर झालं तो. आणि तेव्हा टीव्ही म्हणजे सिनेमावाल्यांच्या नजरेत अगदी खालची पायरी.

मी डॉक्युमेंट्री एडिट करते. आमच्या लाइनमध्ये दर थोड्या दिवसांनी कुणीतरी या वळणावर उभं असतंच, नाटक सोडून सिरियल करू का, सिरियल सोडून वेबचं काम घेऊ का, आणि चर्चा होते ती कायम माध्यमाची, पैशांची, नावाची, पण नवीन जागी गेल्यावर काम करायची पद्धत बदलायला लागेल का यावर कुणी दोन मिनिटंसुद्धा बोलत नाही. रोसेलिनीचं प्रकरण मला म्हणूनच इतकं महत्त्वाचं वाटतं. पुस्तकाच्या दुकानातली ती घोषणा सगळ्यांना माहिती आहे, पण माझ्या मते खऱ्या निर्णयाची सुरुवात पाच वर्षं आधी आपल्या मुंबईत झाली होती आणि तो पुरा झाला चार वर्षांनी फ्रान्समध्ये, एका खडूने लिहिलेल्या फळ्यासमोर.

पार्श्वभूमी

जन्म ८ मे १९०६, रोम. वडील बांधकामातले, रोममधलं बार्बेरिनी थिएटर त्यांनीच बांधलं आणि त्यामुळे पोराला लहानपणापासून फुकट पास, म्हणजे सिनेमा या मुलाच्या घरचाच. सुरुवातीचे त्याचे सिनेमे मुसोलिनीच्या राजवटीतले, लष्कराच्या मदतीने केलेले, ही गोष्ट त्याचे चाहते जरा पटकन ओलांडून जातात. मग जून १९४४ मध्ये रोम मोकळं झालं आणि १९४५ च्या सुरुवातीला, शहर अजून उपाशी, विजेचा पत्ता नाही, कच्ची फिल्म मिळेल तिथून गोळा करून त्याने 'रोम, ओपन सिटी' केला. पुढच्या वर्षी 'पाईझा', मग १९४८ मध्ये बर्लिनच्या ढिगाऱ्यांतला 'जर्मनी, इयर झिरो'. हा तिसरा त्याने आपल्या रोमानो नावाच्या मुलाला अर्पण केलाय, जो १९४६ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी गेला.

नंतर हॉलिवूडची नटी इन्ग्रिड बर्गमन हिची त्याला आलेली चिठ्ठी, तिचं हॉलिवूड सोडून इटलीला येणं, 'स्ट्रॉम्बोली', अमेरिकेच्या सिनेटमध्ये तिच्यावर झालेली टीका, १९५० मध्ये लग्न, तीन मुलं, हे सगळं इतक्यांदा लिहून झालंय की मी त्यात शिरत नाही. आपल्या प्रकरणापुरतं एवढंच की दोघांनी मिळून केलेले सिनेमे धंद्याच्या दृष्टीने एकामागून एक पडत गेले. 'जर्नी टू इटली' १९५४ चा, आज तो शाळांमधून शिकवतात, पॅरिसमधल्या तरुण समीक्षकांनी तर तो तेव्हाच डोक्यावर घेतला होता, पण इटलीत प्रेक्षक फिरकला नाही आणि प्रोड्यूसर मंडळी रोसेलिनीचं नाव काढलं की दुसरा विषय काढायला लागली.

अडचण नेमकी काय होती

वरवर बघितलं तर अडचण पैशाची. घरं एकापेक्षा जास्त, मुलं भरपूर, खर्चाला हात सढळ, आणि एका सिनेमाचा ॲडव्हान्स दुसऱ्याचं देणं फेडायला जायचा.

पण तेवढंच असतं तर १९५९ नंतर प्रश्न सुटायला हवा होता, कारण त्या वर्षी त्याच्या 'जनरल देल्ला रोव्हेरे'ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस, गोल्डन लायन, मिळालं, विभागून मिळालं पण मिळालं, आणि सिनेमा चाललासुद्धा. युद्धाचा काळ, चांगला नट, घट्ट गोष्ट, म्हणजे लोकांना रोसेलिनीकडून जे हवं होतं ते त्याने करून दाखवलं. असे आणखी चार केले असते तर म्हातारपण आरामात गेलं असतं. त्याला मात्र तो सिनेमा मागे वळून बघितल्यासारखा वाटायचा, आपण जे आधीच करून झालंय तेच जरा गुळगुळीत करून पुन्हा विकतोय असं. त्यानंतरचं 'व्हानिना व्हानिनी' १९६१ मध्ये कटिंगवरून प्रोड्यूसरशी भांडण होऊन व्हेनिसला आपटलं, आणि १९६२ चा 'आनिमा नेरा' तर इतका पडला की त्याची आठवणही कुणी काढत नाही.

याच्या खाली तिसरा थर होता आणि मला तो सगळ्यात खरा वाटतो. इटली त्या वर्षांत झपाट्याने बदलत होती, दक्षिणेतल्या गावांमधून शेतकऱ्यांची पोरं तोरिनो आणि मिलानच्या कारखान्यांत येत होती, आणि अक्षरओळख नसलेली मोठी माणसं अजून लाखांनी होती. इटलीत टीव्ही सुरू झाला ३ जानेवारी १९५४ ला, राय या सरकारी कंपनीचा, आणि १९६० पासून त्यावर आल्बेर्तो मांझी नावाचा एक मास्तर रोज संध्याकाळी कोळशाच्या कांडीने मोठ्या कागदावर चित्रं काढून प्रौढ माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचा. 'अजून उशीर झालेला नाही' अशा अर्थाचं त्या कार्यक्रमाचं नाव. लोक शेतावरून, कामावरून येऊन बारमध्ये किंवा शेजाऱ्याकडे बसून हे बघायचे. एकीकडे हे चाललेलं आणि दुसरीकडे सिनेमावाले श्रीमंत माणसांच्या एकटेपणावर सिनेमे काढतायत, रोसेलिनीला ते सहन होईना. त्याचं म्हणणं असं की लोकांना जग कसं बनलं हे कळायला हवंय आणि आपण त्यांना आपलीच घालमेल दाखवतोय. टोकाचं आहे, मला सगळं पटत नाही, पण त्याच्या अडचणीचं मूळ इथे होतं.

मुंबईतली चाचणी

हा भाग बहुतेक ठिकाणी नुसत्या भानगडीच्या बाजूने सांगितला जातो. डिसेंबर १९५६ मध्ये रोसेलिनी भारतात आला, मुंबईत ताजमध्ये उतरला, डॉक्युमेंट्री करणाऱ्या हरिसाधन दासगुप्तांच्या पत्नी सोनाली दासगुप्ता आणि तो यांच्यावरून वर्तमानपत्रांनी रान उठवलं, गोष्ट नेहरूंपर्यंत गेली, आणि १९५७ च्या शरदात तो भारत सोडून गेला, पाठोपाठ त्याही धाकट्या मुलाला घेऊन गेल्या. त्या काळात एका बाईने हे किती सोसलं असेल याची कल्पना करवत नाही, आणि त्याच्या निर्णयांची किंमत त्याच्या भोवतालच्या माणसांनी कशी भरली हेही या प्रकरणात धरायला हवं असं मला वाटतं.

पण कामाच्या बाजूने बघा. त्या एकाच दौऱ्यात त्याने दोन वेगळ्या वस्तू तयार केल्या. एक म्हणजे 'इंडिया : मातृभूमी' हा सिनेमा, चार गोष्टींचा, १९५९ ला फ्रान्समधल्या कान फेस्टिव्हलला दाखवलेला. आणि दुसरी म्हणजे टीव्हीसाठी १६ एमएमवर केलेलं चित्रण, ज्यातून १९५९ मध्ये रायवर दहा भागांची मालिका लागली आणि फ्रेंच टीव्हीवरही तिचं रूप आलं. त्या दहा भागांतले मुंबईचे दोन, एक हिराकुड धरणाचा, एक नेहरूंवर, एक प्राण्यांवर, आणि चौथा भाग चक्क 'वर्सोवा'. म्हणजे आपल्या वर्सोव्याचं कोळ्यांचं गाव १९५९ साली इटलीतल्या दिवाणखान्यांमध्ये जाऊन पोचलं होतं. आज तिथे मेट्रो धावते आणि सिरियलवाल्यांची अर्धी वस्ती तिथेच राहते, आणि त्यातल्या फार कमी जणांना माहितीय की टीव्हीसाठी काम करणाऱ्या रोसेलिनीची सुरुवात ज्या मालिकेने झाली तिच्यात हे गाव आहे.

मालिकेची पद्धत साधी होती, रोसेलिनी स्टुडिओत एका पत्रकारासमोर बसायचा, स्वतः काढलेली फिल्म दाखवायचा आणि बोलायचा, आपण गावाहून आलेल्या पाहुण्याला विचारतो ना, काय काय बघितलंस सांग, तसं. ना नट, ना डिस्ट्रिब्युटर, ना थिएटरवाल्याशी घासाघीस. सिनेमा त्याच दौऱ्यातला, मेहनत तीच, पण तो मोजक्या लोकांनी बघितला आणि मालिका मात्र घराघरात गेली. हा फरक त्याच्या मनात बसला.

समोर कोणते रस्ते होते

१९६२ च्या आसपास त्याच्यापुढे काय काय होतं ते बघू. पहिला रस्ता 'जनरल'सारखे सिनेमे करत राहण्याचा, नाव आणि पैसे दोन्ही. त्याच्या हितचिंतकांचं म्हणणं हेच असणार, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, मुलांच्या फिया कुणी भरायच्या शेवटी.

दुसरा रस्ता पॅरिसचा. तिथले नवे डिरेक्टर त्याला गुरू मानत होते, त्रुफोने तर पन्नाशीच्या दशकात त्याच्याकडे असिस्टंट म्हणून काम केलेलं. तिकडे जाऊन त्या पोरांच्या बरोबर छोट्या बजेटचे सिनेमे करणं सहज शक्य होतं. पण त्यांचा सिनेमा हा सिनेमाच्याच प्रेमातून आलेला आणि याला नेमका त्याच प्रेमाचा कंटाळा आलेला, त्यामुळे हे जमलं नसतंच.

तिसरा रस्ता मधला, दोन्ही करायचं, वर्षातून एक सिनेमा आणि जोडीला टीव्हीचं काम. आज बघताना मला हाच सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, आणि त्याने हा गंभीरपणे तोलून बघितला असं कुठे दिसत नाही. तो स्वभावच नव्हता त्याचा.

चौथा, जो त्याने घेतला, तो म्हणजे पूर्ण टीव्ही, आणि तेही जाहीर करून. सिंहगडावर सूर्याजीने कापले तसे परतीचे दोर कापून टाकायचे, म्हणजे मागे वळायचा मोहच नको. सूर्याजीला त्या रात्री गड घ्यायचा होता, इथे लढाई पंधरा वर्षांची होती, तेव्हा दोर कापणं बरोबर होतं का हा प्रश्न मी खाली परत घेते.

पहिलं पाऊल अडखळतच पडलं

घोषणा झाली तरी काम लगेच उभं राहिलं नाही. पहिली मोठी मालिका 'लोखंडाचं युग', पाच भागांची, १९६५ मध्ये लागली. इटलीतल्या प्राचीन इट्रस्कन लोकांपासून ते पोलादाच्या कारखान्यांपर्यंत लोखंडाची गोष्ट. दिग्दर्शन त्याचा मुलगा रेन्झोचं, आणि रोसेलिनी स्वतः समोर येऊन विषय मांडणारा. जुन्या सिनेमांचे तुकडे, डॉक्युमेंट्री फुटेज, मध्ये थोडं नाट्य, असं सगळं मिसळून केलेलं. कल्पना जबरदस्त, पण बघताना धाप लागते. एडिटर म्हणून मला त्यात सांधे दिसत राहतात. म्हणजे माध्यम बदललं होतं, दृष्टी बदलली होती, पण हात अजून तयार झाला नव्हता.

कामाची पद्धत बदलली तिथे

हात तयार झाला तो तीन गोष्टींमुळे.

पहिली झूम लेन्स. आपल्याकडे झूम म्हटलं की सासूच्या चेहऱ्यावर धाडकन जाणारा कॅमेरा आठवतो, तर तो प्रकार डोक्यातून काढून टाका. रोसेलिनीने पॅन्सिनॉर नावाच्या झूम लेन्सला मोटर बसवून ती लांबून चालवता येईल अशी सोय करून घेतली होती आणि शॉट चालू असताना ती तो स्वतः चालवायचा. १९६० च्या 'एरा नोत्ते आ रोमा'पासून हे सुरू झालं. याने होतं काय की एरवी एका सीनसाठी आधी लांबचा शॉट, मग लाइट बदला, मग मधला, मग क्लोजअप, असं अर्धा दिवस चालतं, ते सगळं एकाच सलग शॉटमध्ये व्हायला लागलं, कॅमेरा हळूच माणसाच्या जवळ जातो, हळूच मागे येतो, आणि सीन संपला की पुढच्या खोलीत. एडिटिंगला काम उरतच नाही जवळजवळ. शूटिंगचे दिवस घटले की पैसे घटले, आणि टीव्हीच्या बजेटमध्ये इतिहासातला दरबार उभा करायचा तर दुसरा उपायही नव्हता.

दुसरी गोष्ट आरसा. कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशात तिरका आरसा ठेवायचा, त्याचा काही भाग खरवडून पारा काढून टाकायचा, त्या पारदर्शक भागातून समोरचे खरे नट दिसतात आणि उरलेल्या आरशात बाजूला ठेवलेल्या छोट्या मॉडेलचं प्रतिबिंब. जर्मन लोकांनी ही युक्ती विसाच्या दशकात काढलेली, रोसेलिनीने ती टीव्हीसाठी परत वापरात आणली. सॉक्रेटिसवरची फिल्म स्पेनमधल्या एका डोंगराळ गावात शूट झाली, तिथे अ‍ॅथेन्सचा अ‍ॅक्रोपोलिस बांधायची ऐपत कुणाची, तो आरशातून आला.

तिसरी, माणसं. मोठे स्टार नाहीत, बरेचदा नटच नाहीत. आणि टीम घरातलीच, मुलगा रेन्झो होताच, शिवाय या काळातल्या बऱ्याच फिल्मचे कपडे केले मार्चेल्ला दे मार्किस यांनी, म्हणजे त्याची आधीची बायको, रोमानोची आई. लग्न मोडून किती वर्षं झालेली, मध्ये बर्गमन, मध्ये सोनाली, आणि तरी त्या त्याच्या सेटवर सतराव्या शतकातल्या कॉलरी आणि झगे शिवून घेतायत. मला हे कायम गलबलून टाकतं.

फळ्यासमोरचा राजा

१९६६. फ्रेंच सरकारी टीव्हीने चौदाव्या लुईवर फिल्म करायला दिली, 'लुईने सत्ता हातात घेतली त्याची गोष्ट' असं काहीसं तिचं नाव मराठीत होईल. शूटिंग महिन्याच्या आत उरकलं. ही मी पहिल्यांदा पुण्यात फिल्म सोसायटीच्या शोला बघितली तेव्हा बाहेर येऊन कितीतरी वेळ बसस्टॉपवर नुसती उभी होते.

राजाचं काम करायला त्याने घेतला जाँ-मारी पात नावाचा ऑफिसातला कारकून, बुटका, जरा गोल चेहऱ्याचा. त्या माणसाला कॅमेऱ्याची इतकी भीती की वाक्यं पाठच होईनात. दुसऱ्या कुणी तिसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवला असता. हा या सगळ्या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे, पुस्तकाच्या दुकानातल्या घोषणेपेक्षाही, कारण इथे परिस्थिती अशी होती : दिवस मोजके, पैसे मोजके, आणि मुख्य माणूस अडलेला. रोसेलिनीने वाक्यं फळ्यांवर लिहून कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवली आणि सांगितलं, वाच.

आता पडद्यावर काय दिसतं बघा. राजा बोलतो तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघतच नाही, नजर कुठेतरी बाजूला, लांब, आवाजात चढउतार नाही, शब्द सावकाश. बघणाऱ्याला वाटतं की हा माणूस समोरच्याला मोजतच नाही, याच्या मनाचा थांग लागत नाही. मूळ भीती कारकुनाची, ती राजाच्या अंगावर गेल्यावर तीच जरब झाली. आणि फिल्मचा विषयही अगदी तोच, की बावीस-तेवीस वर्षांचा आतून धास्तावलेला लुई स्वतःला दूरचा, अगम्य, सूर्यासारखा करून दाखवतो आणि सरदारांना गप्प करतो.

सुरुवातीला राज्याचा कारभार चालवणारा मंत्री कार्डिनल माझारँ मरायला टेकलाय, १६६१ साल, वैद्य येतात, पेशंटच्या भांड्याला नाक लावून वास घेतात, आपसात लॅटिनमध्ये बोलतात, आणि कॅमेरा हे सगळं घाई न करता बघत राहतो. मग राजा शिंप्याला बोलावून सांगतो की कपड्यांवर इतक्या रिबिनी, इतकी लेस लावा, कारण दरबारात यायचं तर सगळ्या सरदारांना तसेच कपडे करावे लागतील, कर्जात बुडतील आणि माझ्या दाराशी राहतील. राजकारणाची अख्खी पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या कापडाच्या मापात कळलं. पुढे जेवणाचा सीन, खालच्या मुदपाकखान्यातून ताटांची मिरवणूक वर येते, टेबलावर राजा एकटा, आणि अख्खा दरबार उभा राहून त्याला खाताना बघतोय. शेवटी तो आपल्या खोलीत येतो, टोप, रिबिनी, झगा एकेक उतरवतो, उरतो तो एक बुटका माणूस, हातात पुस्तक, आणि वाचतो की सूर्याकडे आणि मरणाकडे टक लावून बघता येत नाही.

व्हेनिसला दाखवली, ऑक्टोबर १९६६ मध्ये फ्रेंच टीव्हीवर लागली, आणि नंतर थिएटरांतही गेली. टीव्हीसाठी, टीव्हीच्या पैशांत केलेली, आणि सिनेमावाल्यांनी हॅट काढली.

नंतरची वर्षं

मग कामाचा धडाकाच लागला. १९६९ मध्ये 'प्रेषितांची कृत्यं' पाच भागांत, पुढे माणसाच्या जगण्याच्या धडपडीवर बारा भाग, सॉक्रेटिस, ब्लेझ पास्काल, संत ऑगस्टिन, कोझिमो दे मेदिचीचं फ्लोरेन्स तीन भागांत, १९७४ मध्ये देकार्त. मध्येच १९७१ ला चिलीला जाऊन तिथले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अलेंदे यांची मुलाखत घेतली, जी रायने दाखवली ती सप्टेंबर १९७३ मध्ये अलेंदे यांच्या मृत्यूनंतर, म्हणजे दोन वर्षं नुसती पडून होती. हे सगळं करत असताना १९६८ ते १९७३ रोमच्या सरकारी फिल्म स्कूलचा तो प्रमुखही होता.

सगळं सारखं चांगलं नाहीये. काही भाग शाळेतल्या धड्यासारखे होतात, माणसं एकमेकांना अशा गोष्टी सांगतात ज्या त्यांना आधीच माहिती असणार. पण पास्काल बघा, सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ, आजारी माणूस, थंड खोल्या, हिशोबाचं यंत्र दाखवायला आलेला, आणि त्याच काळात बाईवर चेटुकाचा खटला चाललाय. विज्ञान आणि अंधार एकाच शतकात, एकाच गल्लीत. बघताना मला आपल्याकडचे जादूटोण्याच्या विरोधातले सगळे झगडे आठवत राहतात.

काय वेगळं करता आलं असतं

एक तर ती घोषणा. तिने त्याला स्वतःला बळ मिळालं असेल, पण ज्या माणसांची गरज पुढे लागणार होती ती दुखावली गेली. १९७४ मध्ये त्याने दे गास्पेरी या पंतप्रधानावर 'आन्नो उनो' हा थिएटरसाठीचा सिनेमा केला, १९७५ मध्ये येशूवर 'इल मेस्सिया', म्हणजे सिनेमा मेला म्हणणारा माणूस परत त्याच दारात आला, तेव्हा पहिल्यावर टीकेची झोड उठली आणि दुसऱ्याला अमेरिकेत नीट डिस्ट्रिब्युशनच मिळालं नाही. नुसतं काम सुरू केलं असतं आणि बोलला नसता तर दोन्ही दारं उघडी राहिली असती. मी सूर्याजीचा प्रश्न परत घेणार म्हटलं होतं तो इथे. एका रात्रीच्या चढाईला दोर कापणं ठीक, पण पंधरा वर्षांच्या कामात रसद खालूनच येते.

दुसरं म्हणजे, फिल्म एकदा टीव्हीवर लागून गेल्यावर पुढे तिचं काय हा विचार कमी पडला. शिक्षणासाठी केलेलं काम आणि ते शाळा-कॉलेजांत वर्षानुवर्षं फिरत राहील अशी पक्की सोय नाही. मेदिची मालिका अमेरिकेत विकता यावी म्हणून इंग्रजीत शूट केली, पण ते गणित हवं तसं जमलं नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या हातात त्यातल्या मुख्य फिल्म चांगल्या डीव्हीडीवर आल्या २००९ मध्ये, तो जाऊन बत्तीस वर्षं झाल्यावर. मी स्वतः एका संस्थेसाठी पाण्यावरची मालिका एडिट केली होती, एकदा दाखवली गेली आणि मग हार्ड डिस्क कपाटात, म्हणून मला हे जास्त लागतं. कॉन्ट्रॅक्ट करतानाच वापराचे हक्क, प्रिंट कुठे राहणार, कोण दाखवू शकणार हे लिहून घ्यायला हवं, आणि हे काम डिरेक्टरचं नसेल तर त्यासाठी एक माणूस पहिल्या दिवसापासून जवळ हवा. रोसेलिनीजवळ लेन्स चालवणारे हात होते, हा माणूस नव्हता.

तिसरं, मधल्या रस्त्याचा विचार. 'लुई'सारखी एक फिल्म टीव्ही आणि थिएटर दोन्हीकडे गेली होती, तेव्हा तोच नमुना धरून पुढच्या प्रत्येक कामाचं एक छोटं थिएटर-रूप आधीच ठरवता आलं असतं. दहा-दहा तासांचे आराखडे मांडण्यापेक्षा. पण मग पास्कालचा तो संथपणा टिकला असता का, हे मला ठामपणे नाही सांगता येत.

आणि एक गोष्ट मी अजिबात बदलली नसती, तो कारकून.

शेवट काय झाला

मे १९७७ मध्ये कान फेस्टिव्हलने रोसेलिनीला ज्युरीचा अध्यक्ष केलं. स्पर्धेत ताव्हियानी भावांची 'पाद्रे पाद्रोने' होती, सार्डिनियातल्या एका मेंढपाळाच्या पोराची गोष्ट, बाप त्याला शाळेतून उचलून मेंढ्यांमागे पाठवतो, विशीपर्यंत अक्षर येत नाही, आणि तोच पुढे शिकून भाषाशास्त्रज्ञ होतो. फिल्म केलेली रायसाठी, १६ एमएमवर, आणि टीव्हीची फिल्म कानच्या सर्वोच्च बक्षिसात बसते का यावरून वरच्या मंडळींची कुरकुर. रोसेलिनी हटला नाही. पाम दोर 'पाद्रे पाद्रोने'ला गेलं.

तो रोमला परत आला आणि आठवड्याभरात, ३ जून १९७७ ला, हार्ट ॲटॅकने गेला. कार्ल मार्क्सच्या तरुणपणावरच्या फिल्मची त्याची तयारी चालू होती.